रायफलला तेल पाजू नका

एनसीसीत असाल, तर पहिल्या फायरिंगचा दिवस तुम्ही विसरलेला नसाल. ग्राउंडशीटवर पालथं पडायचं, खांद्यात दस्ता दाबायचा, पंचवीस यार्डांवरच्या टार्गेटवर पाच गोळ्या, आणि मग ग्रुप कसा आला यावर दिवसभर गप्पा. फोटो सगळे याचेच. त्यानंतर चिंदी आणि पुलथ्रू घेऊन मांडी घालून बसायचा जो तासभर असतो, तो कुणाच्याच स्टोरीला दिसत नाही. आज त्या तासाबद्दल बोलू.

माझं त्या तासाशी वाकडं झालं ते सेकंड इयरला, जुलै महिन्यात. कॉलेज कोकणातलं. फायरिंग संपलं तेव्हा .२२ च्या बोल्टवर काजळीचा थर बसला होता आणि नुसत्या चिंदीनं तो निघेना. कुणीतरी बाटलीतून रॉकेल आणलं. रॉकेलनं जादूच केली. दोन मिनिटांत बोल्ट चकचकीत, नळीतून आरपार बघितलं तर आरसा. तेवढ्यात पावसाची मोठी सर आली, गाडीची घाई झाली, आणि रायफल तशीच बटालियनच्या कोतमध्ये रॅकवर गेली. आठ दिवसांनी उस्तादांनी नेमकी तीच माझ्या हातात दिली आणि पुलथ्रू ओढायला सांगितलं. चिंदी बाहेर आली ती विटकरी रंगाची. ते काहीच बोलले नाहीत. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

घाई होतीच, पण खरी चूक समजुतीची होती. स्वच्छ झालं म्हणजे काम झालं, असं मी धरून चाललो होतो. रॉकेलनं काजळी काढली आणि तिच्यासोबत स्टीलवरचा तेलाचा पातळ थरही काढला. मागे उरलं उघडं स्टील आणि कोकणातली जुलैची खारट, दमट हवा. गंज चढायला आठ दिवस म्हणजे भरपूर वेळ.

दुकानात गेलात किंवा शूटिंग क्लबच्या सिनियरला विचारलंत की ‘सगळ्यात भारी तेल कुठलं?’, तर पाच जण पाच नावं सांगतील. प्रश्नच चुकलेला असतो. रायफलच्या देखभालीत तीन वेगळी कामं आहेत. साचलेला मळ सोडवणं हे सॉल्व्हंटचं काम. एकमेकांवर घासणारे भाग सहज सरकावणं हे ल्युब्रिकंटचं. आणि रायफल कपाटात पडून असताना हवा-पाण्यापासून धातू राखणं हे तिसरं काम. मळ चांगला सोडवणारा पदार्थ बहुतेक वेळा धातू राखत नाही, कारण तेल-मेण धुऊन काढणं हाच त्याचा गुण असतो. तिन्ही कामं एकाच बाटलीत करणारे पदार्थही मिळतात. क्लीनर, ल्युब्रिकंट, प्रिझर्व्हेटिव्ह यांच्या आद्याक्षरांवरून त्यांना सीएलपी म्हणतात. पाठीवर सगळा संसार घेऊन फिरणाऱ्या सैनिकाला एकच बाटली परवडते, त्याच्यासाठी ती सोय उत्तम. पण ती तडजोड आहे. तिन्ही कामं ती बऱ्यापैकी करते, एकही पहिल्या नंबरानं करत नाही.

म्हणून विचारायचं ते असं: या नळीत नेमकं काय साचलंय? आणि ही रायफल आज रात्री कुठे राहणार आहे?

नळीत काय साचतं?

अकरावीच्या केमिस्ट्रीत एक वाक्य पाठ केलं होतं, आठवतंय? सारखं सारख्यात विरघळतं. रायफल साफ करण्याचं निम्मं शास्त्र तिथंच आहे.

.२२ ची गोळी बहुतेक वेळा उघड्या शिशाची असते आणि तिच्यावर मेणाचा किंवा ग्रीसचा हात दिलेला असतो. म्हणजे नळीत राहतं ते मेण, शिशाचे कण, जळलेल्या दारूची काजळी आणि प्रायमरची राख. यातलं मेण आणि ग्रीस पेट्रोलियम जातीच्या सॉल्व्हंटमध्ये छान विरघळतं. रॉकेल, मिनरल टर्पेंटाइन किंवा रायफलसाठी मिळणारं साधं बोअर सॉल्व्हंट, कुठलंही चालतं. काजळी मात्र विरघळत नाही, फक्त भिजून सैल होते. पाच-दहा मिनिटं थांबायचं आणि मग ब्राँझचा ब्रश फिरवायचा. शिशाचंही तसंच. ते विरघळवणारं सौम्य रसायन नाही, ते ब्रशनंच खरवडून निघतं. चेंबरच्या थोडं पुढे, जिथे गोळी नळीच्या खाचांमध्ये शिरते, तिथे काजळी आणि शिसं मिळून एक कडक कडं तयार होतं. नळी बाकी सगळी आरशासारखी दिसत असली तरी हे कडं शिल्लक असू शकतं. मी पाहिलेला ‘आरसा’ बहुधा तसाच होता.

लष्करी ५.५६ किंवा ७.६२ च्या गोळीची गोष्ट वेगळी. तिच्यावर तांब्याच्या मिश्रधातूचं आवरण असतं, तेव्हा नळीत तांबं चिकटतं. त्यासाठी अमोनिया असलेलं सॉल्व्हंट वापरतात. प्रॅक्टिकलला सॉल्ट ॲनालिसिस केलं असेल, तर त्याची खूण तुम्हाला आधीच माहीत आहे. तांब्याच्या द्रावणात अमोनिया घातला की गडद निळा रंग येतो. इथेही तेच होतं, नळीत तांबं असलं की चिंदी निळी होऊन बाहेर येते. गंमत अशी की ब्राँझच्या ब्रशमध्ये आणि पितळी जॅगमध्येही तांबंच असतं. नळी स्वच्छ झाली तरी चिंदी निळीच येत राहते आणि नवखा माणूस तासभर घासत बसतो. तो विरघळवत असतो स्वतःचाच ब्रश!

मग साध्या शिशाच्या .२२ साठी अमोनियाची महागडी बाटली कशाला? खरंच नको. तांबंच नाही तर ती सोडवणार काय? वर ती नळीत रात्रभर विसरली तर नुकसान वेगळं. बाटलीवरचा दावा कितीही दणदणीत असो, तो तुमच्या मळाबद्दल आहे का, एवढं बघा.

मळ बदलला आणि साफसफाई बदलली नाही तर काय होतं, याचं फार महाग उदाहरण इतिहासात आहे. १९६० च्या दशकाच्या मध्यात अमेरिकेनं व्हिएतनाममधल्या सैनिकांना एम-१६ ही नवी रायफल दिली. हिला साफसफाई फारशी लागत नाही, असा समज पसरला होता. क्लीनिंग किटही पुरेसे पोचले नव्हते. मधल्या काळात काडतुसातली दारू बदलली होती, आणि नव्या दारूचा मळ जास्त होता. चेंबरला क्रोमचा थर नव्हता, त्यामुळे दमट जंगलात तो गंजायचा. उडालेली पुंगळी चेंबरमध्येच अडकायची, आणि ऐन चकमकीत सैनिक वरून सळई घालून ती ठोकून काढायचे. काही जण हातात बंद पडलेली रायफल घेऊन मेले. १९६७ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या उपसमितीनं याची चौकशी केली. पुढे चेंबरला क्रोम आला, किट आले, आणि सैनिकांनी खरोखर वाचावं म्हणून देखभालीचं पुस्तक चक्क कॉमिकच्या रूपात निघालं. ते काढलं होतं विल आइसनर या नामांकित कॉमिक्सकारानं.

चरबी, उकळतं पाणी आणि तेल

आपल्याकडचं उदाहरण तर शाळेतच शिकलोय, फक्त ते वंगणाचं उदाहरण आहे हे कुणी सांगितलं नाही. १८५३ च्या पॅटर्नची एनफिल्ड रायफल तोंडाकडून भरायची. कागदी काडतूस दातानं फाडायचं, दारू ओतायची, मग गोळी नळीत ठासायची. गोळीकडच्या कागदाला चरबी लावलेली असायची. ती कशाला? गोळी सहज खाली जावी म्हणून, आणि काळ्या दारूचा मळ नळीत कडक न होता मऊ राहावा म्हणून. म्हणजे वंगण आणि साफसफाई दोन्ही. चरबी गाईची आणि डुकराची आहे ही बातमी फिरली आणि छावण्या पेटत गेल्या. जानेवारी १८५७ मध्ये सरकारनं सिपायांना हवं ते वंगण स्वतः लावायची मुभा दिली, पण विश्वास उडाला तो उडालाच. २९ मार्चला बराकपूरला मंगल पांडे उभे राहिले. उठावाची कारणं पुष्कळ होती, हे तुमचे इतिहासाचे सर सांगतीलच. तरी वंगण निवडताना ते वापरणाऱ्याला न विचारल्याचा इतका मोठा फटका दुसऱ्या कुणाला बसला असेल असं वाटत नाही.

पुढे काळी दारू गेली, .३०३ आली, आणि एक नवाच शत्रू आला. जुन्या प्रायमरमध्ये पोटॅशियम क्लोरेट असायचं. ते जळलं की नळीत पोटॅशियम क्लोराइड राहायचं, म्हणजे मिठाचाच भाऊ. हे मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि गंज सुरू करतं. आता सांगा, मीठ तेलात विरघळतं का? नळीत कितीही तेल ओता, मीठ खाली शांत बसून राहतं. त्यावर उपाय होता उकळतं पाणी. नरसाळ्यानं चेंबरकडून ओतायचं. मीठ विरघळून जातं, नळी तापल्यामुळे लगेच सुकते, मग तेलाची चिंदी. रायफलमध्ये पाणी ओतायचं म्हटलं की आज कुणाच्याही पोटात गोळा येईल, पण त्या मळासाठी तेच योग्य सॉल्व्हंट होतं. आजच्या बहुतेक काडतुसांना ही खबरदारी लागत नाही.

किती तेल, आणि कुठे?

आता वंगण. गंजाच्या प्रकरणानंतर मी दुसऱ्या टोकाला गेलो होतो. पुढच्या वेळी इतकं तेल ओतलं की बोल्ट उघडला तर ओघळ आले. रायफलला तेल पाजलंयस की काय, असं उस्तादांनी विचारलं तेव्हा सगळी प्लाटून हसली होती.

जास्त तेलाचे तोटे हसण्यावारी नेण्यासारखे नाहीत. तेलात धूळ आणि काजळी कालवली की तिची पॉलिश पेपरसारखी लगदी होते. चेंबर तेलकट राहिला तर गोळी सुटताना पुंगळी चेंबरच्या भिंतीला नीट धरून राहत नाही आणि सगळा धक्का बोल्टवर येतो. नळीत तेल असेल तर पहिल्या गोळ्या ग्रुप सोडून भलतीकडे जातात. काडतुसांवर तेल झिरपलं तर प्रायमर निकामी होऊ शकतो. म्हणून फायरिंगच्या आधी कोरडी चिंदी ओढायची ती यासाठी, नुसता शिरस्ता म्हणून नाही. आणि जुन्या शिकवणीत चिंदीची दोन मापं असतात, तीही यासाठीच: साफ करायला चार बाय दोन इंच, तेल लावायला चार बाय दीड. तेलाची चिंदी अर्धा इंच अरुंद, म्हणजे ती नळीत सैल जाते आणि तेल पुसून न काढता थर मागे ठेवते. .२२ च्या नळीला चिंदी अर्थातच लहान लागते, पण तत्त्व तेच.

बोल्टच्या अंगावर बोट फिरवलं तर बोट ओलसर लागावं, थेंब दिसू नये. जिथे दोन भाग दाबाखाली घासतात, म्हणजे बोल्टच्या लॉकिंग लगच्या मागे आणि कॉकिंगच्या उतारावर, तिथे तांदळाच्या दाण्याएवढं ग्रीस. तेल तिथून निसटतं, ग्रीस टिकतं. फायरिंग पिन जवळजवळ कोरडी. स्पर्धेच्या रायफलच्या ट्रिगरला तर स्वतःच्या मनानं काहीच लावायचं नाही, ते आर्मररचं काम.

घरातलं कुठलं तेल चालेल, हा पुढचा हमखास प्रश्न. शिलाई मशीनचं तेल हे हलकं मिनरल तेल, चिकट होत नाही. बोल्टवर तात्पुरतं चालून जातं, फक्त गंजापासून फार दिवस राखत नाही. खोबरेल नको. डिसेंबरात ते बाटलीत गोठतं हे तुम्ही न्हाणीघरात पाहिलंच आहे, बोल्टमध्येही तेच करेल. शिवाय खाण्याची तेलं हवेनं हळूहळू चिकट होतात. जवसाचं तेल तर सुकून कडक पापुद्रा धरतं. पण हाच दोष लाकडी दस्त्यावर गुण ठरतो. फौजेत लाकडी दस्त्यांना पिढ्यान्‌पिढ्या जवसाचं कच्चं तेल चोळत आलेत, ते लाकडात मुरून सुकतं आणि पाणी रोखतं. एकच तेल, लाकडावर औषध आणि लोखंडावर गोंद. एक लक्षात ठेवा, जवसाच्या तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. सुकताना ती स्वतःच तापतात आणि काडी न लावता पेट घेऊ शकतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून टाका.

आणि तो निळा-पिवळा डबा, डब्ल्यूडी-४०? त्याचं नावच ‘वॉटर डिस्प्लेसमेंट’ वरून आलंय. म्हणजे पाणी हुसकावणं. १९५३ मध्ये अमेरिकेत गंज रोखण्यासाठी तो तयार झाला. पावसात भिजलेल्या रायफलवरून पाणी हाकलायला तो खरंच कामाचा. पण त्यातला बराचसा भाग उडून जातो आणि मागे पातळसा थरच राहतो. पावसाळाभर कपाटात ठेवायच्या रायफलला त्याच्या भरवशावर सोडू नका. पुसा आणि वर गंजरोधक तेल लावा.

रायफल कुठे राहणार, हा दुसरा प्रश्न इथे येतो. मुंबई-रत्नागिरीला गंजरोधक थर आधी, बाकी नंतर. राजस्थानच्या वाळूत तेल जितकं कमी तितकं बरं. कडाक्याच्या थंडीत तर वंगणच शत्रू होतं. १९४१ च्या हिवाळ्यात मॉस्कोच्या दारात पोचलेल्या जर्मन सैन्याची शस्त्रं जाम झाली, कारण त्यांतलं नेहमीचं वंगण घट्ट झालं होतं.

एअर रायफलवाल्यांनो, थांबा

तुमच्यातले बरेच जण दहा मीटर एअर रायफलवर शिकत असतील. वर लिहिलेलं जवळजवळ सगळं तुमच्यासाठी बाद आहे. तुमच्या रायफलमध्ये दारू जळत नाही, त्यामुळे काजळी नाही. आहे ती छऱ्याच्या शिशाची भुकटी. तिच्यासाठी फेल्टचे छोटे बोळे मिळतात, ते नळीतून सरकवले की पुरतं. स्पर्धेच्या बऱ्याच एअर रायफलींच्या सिलिंडरमध्ये दोनशे बारपर्यंत दाबाची हवा असते. तिथे पेट्रोलियम तेल पोचलं आणि हवा झटक्यात दाबली गेली, तर डिझेल इंजिनात होतं तसा स्फोट होऊ शकतो. शिवाय रॉकेल-ॲसिटोननं रबरी ओ-रिंग फुगतात किंवा चिरतात. उत्पादकानं सांगितलेलंच सिलिकॉन वंगण, सांगितलं तिथेच. एनसीसीतला हुशार मित्र मदतीला बाटली घेऊन आला तर त्याला प्रेमानं चहाला घेऊन जा.

उलट बाजूही सांगायला हवी. साफसफाईचा अतिरेकही नळी बिघडवतो. सळई मझलकडून घातली आणि ती तोंडाच्या कडेला घासत राहिली, की गोळी नळी सोडते ती शेवटची कडा झिजते. अचूकता तिथेच जाते. म्हणून नेहमी चेंबरकडून मझलकडे, पुलथ्रूसुद्धा. आणि .२२ ची नळी पूर्ण धुतली की पहिल्या काही गोळ्या जरा भटकतात. मेणाचा थर पुन्हा बसला की ग्रुप जुळतो. काडतुसाचा ब्रँड बदलला तरी हाच अनुभव येतो, कारण प्रत्येकाचं मेण वेगळं. म्हणून मॅचच्या आदल्या रात्री नळी घासून पांढरी करणारा नेमबाज शहाणा नव्हे. पन्नास मीटरवर दहा गुणांचं वर्तुळ फक्त १०.४ मिलिमीटरचं असतं, शर्टाच्या बटणाएवढं. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतनं २०१० मध्ये म्युनिकला प्रोनमध्ये विश्वविजेतेपद मिळवलं आणि कोल्हापूरच्याच स्वप्नील कुसाळेनं २०२४ मध्ये पॅरिसला थ्री पोझिशन्समध्ये ब्राँझ आणलं, ते याच अंतरावर, याच .२२ नं. एवढ्या बारीक हिशेबात मेणाचा थरसुद्धा मोजावा लागतो.

आता तुमच्या स्वतःच्या अंगाचं. साफ करायला बसण्याआधी मॅगझिन काढा, बोल्ट उघडा, चेंबर डोळ्यांनी पाहा आणि बोटानं चाचपा. ‘जाँच शस्त्र’ झालं होतं ना, या भरवशावर राहू नका. चिंदीवरचा काळा मळ म्हणजे शिसं, आणि शिसं पोटात गेलं की साठत राहतं. रेंजवर वडापाव येतो तेव्हा सगळे तुटून पडतात, पण आधी साबणानं हात. खिडक्या उघड्या ठेवा, जमलं तर हातमोजे घाला. पेट्रोलनं साफ करणारे बहाद्दर मी पाहिलेत. त्याची वाफ थंडीतसुद्धा ठिणगीनं पेटते. रॉकेल त्याहून बरं, तरी त्याची वाफ साधारण ३८ अंशांच्या पुढे पेटण्याजोगी होऊ शकते, आणि नागपूर-चंद्रपूरला मे महिन्यात सावलीतला पारा याच्या वर असतो.

त्या गंजलेल्या रायफलचं काय झालं, हे सांगायचं राहिलं. आर्मररनं वरचा गंज काढला, पण नळीत मध्यावर दोन-तीन बारीक खड्डे कायमचे राहिले. थर्ड इयरच्या कॅम्पला कोतमधून शस्त्रं वाटली गेली तेव्हा माझ्या हातात नेमकी तीच आली. नंबर पाठ होता, म्हणून ओळखली. फायरिंग झालं. आधी सॉल्व्हंटची चिंदी, दहा मिनिटं थांबून ब्रश, मग कोरड्या चिंद्या, शेवटी अरुंद चिंदीवर तेलाचे दोन थेंब. पावसाची सर त्याही दिवशी आली. गाडीवाला हॉर्न वाजवत होता, त्याला वाजवू दिला. पुढच्या परेडला मी स्वतःच उस्तादांकडे ती रायफल मागून घेतली आणि पुलथ्रू ओढला. चिंदी फिकट पिवळी आली, नुसत्या तेलाची.